एक तार कमी

१

तिसऱ्यांदा टाळ्या पडल्या तरी नवरा फुलं घेऊन रंगमंचावर आला नाही, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे पाचशे प्रेक्षकांच्या लक्षात यायला हरकत नव्हती. आलं नाही. रविवारी सकाळी अकरा ते एक रोमँटिक काळातलं पियानोसंगीत आणि नंतर जेवण, असा बेत करून आलेल्या माणसांचं एक वाजता लक्ष कशात असतं हे वेगळं सांगायला नको.

पियानोवादक बाई पियानोला एक हात टेकून उभ्या होत्या. गेली एकोणीस वर्षं प्रत्येक मैफलीच्या शेवटी त्यांचा नवरा पांढऱ्या फुलांचा गुच्छ घेऊन विंगेतून येई, तो बायकोच्या हातात देई आणि टाळ्यांतला आपला वाटा उचलून तिला दंडाला धरून आत नेई. आज कुणी आलं नाही म्हणून बाई आपल्या आपण आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या. पुन्हा आत गेल्या. प्रेक्षकांना वाटलं, कलावंताची तंद्री.

सभागृहाचा व्यवस्थापक मात्र कासावीस झाला, कारण गुच्छ त्याच्याच टेबलावर पडून होता. तो मागच्या बोळातून कलाकारांच्या खोलीत गेला. खोली रिकामी होती. आरशासमोर स्वरलिपीची वही उघडी, वहीवर लाल पेन्सिल, खुर्ची आडवी पडलेली, आणि आरशाच्या खालच्या कोपऱ्याला बुटाच्या टाचेने गेलेला तडा. बाथरूमचं दार त्याने लोटलं तर ते चार बोटं उघडून अडलं. त्याने खांदा लावला. आत काहीतरी जड सरकलं.

नवरा फरशीवर होता. चेहरा जांभळा पडून काळा होत आलेला, जीभ दातांत सापडून अर्धी तुटलेली, पांढऱ्या शर्टाची कॉलर रक्ताने भिजून कडक. एक बूट पायात, दुसरा खुर्चीपाशीच राहिलेला. गळ्यात तांब्याच्या रंगाची जाड तार रुतली होती, इतकी खोल की पुढच्या बाजूला ती दिसतच नव्हती, फक्त फाटलेलं मांस दिसत होतं.

व्यवस्थापकाला या नोकरीत सव्वीस वर्षं झाली होती. त्याने दार लोटून घेतलं, रंगमंचावर जाऊन माइक हातात घेतला आणि सांगितलं, "रसिकहो, कृपया रांगेने बाहेर पडावं. मागच्या बाजूने कुणी जाऊ नये. कलाकारांना आज भेटता येणार नाही."

मग तो विंगेत गेला आणि फुलांच्या बादलीत ओकला.

२

तपासाला आलेल्या इन्स्पेक्टरबाईंना संगीतातलं काही कळत नसे. पोलिसांच्या बँडमध्ये त्यांनी एकदा झांजा वाजवल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी बँडमास्तरने स्वतः येऊन त्यांची बदली दुसऱ्या कामावर करवून घेतली होती. तेव्हापासून वीस वर्षं त्या तक्रारी लिहून घेत आल्या होत्या. चोरीच्या, मारहाणीच्या, शेजाऱ्याच्या कोंबड्याच्या. माणूस कशाची तक्रार करतो यावरून तो कोण आहे हे ओळखायची त्यांना सवय लागली होती. चेहरा त्या नंतर बघत.

त्यांच्याबरोबर जमादार होता. त्याची तपासाची पद्धत सोपी होती आणि तिला एकच हत्यार लागे, ते म्हणजे समोरचा माणूस.

"डॉक्टर म्हणतात मध्यंतरात गेलाय," जमादार म्हणाला. "बारा ते बारा-वीस. खुर्चीत बसलेला असताना मागून आवळलं, मग गालिच्यावरून बाथरूमपर्यंत ओढलं. मारणाऱ्याच्या तळहातांवर वळ असणार म्हणे. तार कसली ते मात्र त्यांना कळेना."

"मला कळतंय," दारातून आवाज आला.

तो पियानोचा ट्यूनर होता. पन्नाशीचा, किडकिडीत, खिशात आपटला की एकच सूर देणारा सुरांचा काटा. पियानोच्या तारा सुरात लावणं हे त्याचं काम, आणि या सभागृहाच्या पियानोचं काम तो अकरा वर्षं करत होता. त्याने मयताच्या गळ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता रंगमंचावर गेला. सगळे त्याच्यामागे गेले. पियानोच्या उघड्या झाकणाखाली वाकून त्याने डाव्या बाजूला बोट दाखवलं.

"खालून सहावी. ही बघा मोकळी जागा. इथल्या पट्ट्यांना एकेकच तार असते, तांब्याने मढवलेली. वरच्या सुरांना तीन-तीन असतात, त्यातली एक गेली तर कळत पण नाही पटकन. ही गेली की पट्टी मुकी."

"काढायला किती वेळ लागतो?"

"पाना हातात असेल तर पाच मिनिटं."

"आणि पाना कुणाकडे असतो?"

"माझ्याकडे," ट्यूनर म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात यायच्या आत जमादाराने त्याचा हात उलटा केला. बोटांवर, तळव्यावर तारेचे जुने-नवे ओरखडे.

व्यवस्थापकाने घाम पुसत बाकीचं सांगून टाकलं. सकाळी साडेआठला मयताने ट्यूनरला सर्वांदेखत लोहार म्हटलं होतं आणि त्याच्या अवजारांच्या पिशवीला लाथ घातली होती. त्यावर ट्यूनर म्हणाला होता, "एक दिवस याच तारेने गळा आवळीन तुमचा." शिवाय मध्यंतरात रंगमंचावर पियानोपाशी एकटा तोच होता. वरचे तीन सूर पुन्हा लावायला त्याला सांगितलं होतं.

असं चारचौघांत बोलणारा माणूस सहसा खून करत नाही, हे रहस्यकथा वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. जमादार रहस्यकथा वाचत नसे.

"चार मिनिटांत झालं माझं काम," ट्यूनर म्हणाला. "मग मागच्या पायऱ्यांवर सिगरेट ओढत बसलो. एकटाच होतो. आणि ती तार गेलेली मला दिसली नाही, कारण मी वरच्या बाजूला बघत होतो! अकरा वर्षं बघितलेल्या गोष्टीकडे कोण नीट बघतं? तुम्ही बायकोकडे बघता का?"

जमादाराला बायकोचा उल्लेख आवडला नाही. त्याने हात उगारला. ट्यूनरने डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट झाकलं आणि कळवळून म्हणाला, "साहेब, पाठीवर मारा, पायावर मारा, पाहिजे तिथं मारा. कान सोडा. माझं पोट कानावर आहे."

"त्याला हात लावायचा नाही," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

"नाही लावत," जमादार म्हणाला आणि त्याला जीपकडे घेऊन गेला.

३

मध्यंतरात मागच्या बाजूला ट्यूनर सोडून तीन माणसं होती. खुद्द पियानोवादक बाई, त्यांच्या शेजारी बसून पानं उलटणारी त्यांची नणंद, आणि दैनिकाचा संगीत समीक्षक, ज्याला बोळात फिरताना दोघांनी पाहिलं होतं.

पियानोवादक बाई खिडकीपाशी ताठ बसल्या होत्या. काळा झगा, गळ्यापर्यंत बंद. डॉक्टरांनी त्यांचे तळहात तपासले होते. एक ओरखडा नाही.

"मध्यंतरात मी बोळाच्या टोकाला, या खिडकीत बसते," त्या म्हणाल्या. "हातमोजे घालून, डोळे मिटून. तेव्हा माझ्याशी कुणी बोलायचं नाही, या बाजूला कुणी फिरकायचं नाही. यांचा नियम."

"आणि ते काय करतात?"

"खोलीत बसून वहीत माझ्या चुकांवर लाल खुणा करतात. संपलं की मला वाचून दाखवतात."

"तुम्हाला राग नाही येत?"

"एकोणीस वर्षांत कुणी मला हे विचारलेलं आठवत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्या उत्तर द्यायच्या विसरल्या की हेच उत्तर होतं, ते इन्स्पेक्टरबाईंना कळलं नाही.

व्यवस्थापकाला तर बाईंवर संशय घेणं हाच गुन्हा वाटत होता. "अहो, त्यानंतर चाळीस मिनिटं वाजवलंय त्यांनी! मी इतकं चांगलं कधी ऐकलं नाही. माणूस मारून आलेल्या बाईच्या हातून असं वाजेल?"

"मला काय विचारता," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "माझ्या हातून न मारतासुद्धा वाजत नाही."

व्यवस्थापकाने टेबलावरचा एक कागद पुढे केला. सकाळी नऊ ते साडेदहा बाईंनी रंगमंचावर एकटीने सराव केला होता आणि नंतर हा तक्रारींचा कागद त्याच्या हातात दिला होता. एकूण अकरा तक्रारी. स्टूल करकरतं. डाव्या बाजूने वारा येतो. तिसऱ्या रांगेतली सातवी खुर्ची कुणी बसलं की कण्हते. एक दिवा डोळ्यावर येतो. फुलांना फार वास आहे. वरचे तीन सूर केसभर उतरले आहेत, मध्यंतरात लावून घ्यावेत. अशा अकरा.

"दर वेळी एवढ्या असतात?"

"मागच्या खेपेला सतरा होत्या," व्यवस्थापक अभिमानाने म्हणाला.

इन्स्पेक्टरबाईंनी कागद घडी करून खिशात घातला. तक्रारी दिसल्या की त्यांना तो कागद सोडवत नसे.

नणंद मयताची धाकटी बहीण. चाळिशीची, बुटकी, हात पदराखाली धरावेत तसे ओढणीखाली धरलेले. भाऊ मेला होता आणि ती रडत नव्हती. इन्स्पेक्टरबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा तिने तो घ्यायला उजवा हात बाहेर काढला. मधली तीन बोटं पेरांतून वाकडी होती, झाडाच्या मुळ्यांसारखी एकमेकींवर चढलेली.

"काय झालं होतं?"

"पियानोचं झाकण पडलं. चौदा वर्षांची होते." ती पाणी प्यायली. "दादाने पाडलं. मी त्याच्यापेक्षा बरी वाजवत होते. घरात अपघात म्हणूनच सांगायचं ठरलं, मग मलाही तसंच आठवायला लागलं."

"आणि तुम्ही त्याच भावाच्या बायकोची पानं उलटता?"

"पानं उलटायला दोन बोटं पुरतात."

"सकाळी तुम्ही कुठं होतात?"

"खोलीत, दादाबरोबर. वहिनींचा सराव ऐकत. त्याला सगळं ऐकावं लागतं. वहिनी थांबल्या की तो उठून बघायला जातो."

"आज गेला होता?"

"नाही. त्या थांबल्याच नाहीत. अर्धा तास नुसत्या उजव्या हाताचं वाजवत होत्या."

इन्स्पेक्टरबाईंनी तेही लिहून घेतलं. त्यात काय विशेष आहे, हे त्यांना कळायला सोमवार उजाडावा लागला. आणि सोमवार उजाडायच्या आतच चौकीतून फोन आला.

"बाई," जमादाराचा आवाज जरा खाली आला होता, "तो ट्यूनर बोलत नाहीये."

"मग?"

"म्हणजे त्याला ऐकू येत नाहीये."

४

कोठडीत ट्यूनर भिंतीला उजवा खांदा टेकून बसला होता. डाव्या कानातून रक्ताची रेघ मानेवर उतरून वाळली होती. ओठ फाटला होता, एक डोळा सुजून बंद झाला होता.

"मी सांगितलं होतं हात लावायचा नाही."

"हात कुठं लावला?" जमादार म्हणाला. "रजिस्टरने मारलं."

रजिस्टर टेबलावर होतं. सातशे पानी, कापडी पुठ्ठ्याचं, कोपरे पत्र्याचे. त्यात इन्स्पेक्टरबाईंनी वीस वर्षं तक्रारी लिहिल्या होत्या. एका कोपऱ्याला केस चिकटले होते.

"एकदाच मारलं," जमादार पुढे म्हणाला. "दुसऱ्यांदा तो स्वतः हलला, म्हणून तिथं बसलं."

इन्स्पेक्टरबाईंनी त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली. डॉक्टरला फोन केला. मग ट्यूनरच्या समोर उकिडव्या बसल्या. त्याने खिशातला सुरांचा काटा गुडघ्यावर आपटून डाव्या कानाशी धरला. मग उजव्या कानाशी. पुन्हा डाव्या.

"उजव्याने येतंय?"

"येतंय. अजून."

"हा मला लिहून देणार होता," जमादार मागून म्हणाला. "दुपारपर्यंत मिळाला असता कबुलीजबाब. वरून सारखा फोन येतोय. एवढ्या मोठ्या कलाकार बाईंचा नवरा, एवढी बोंबाबोंब. ते म्हणतात, संध्याकाळच्या आत लिहून घ्या, तुम्हाला जमत नसेल तर आमची माणसं पाठवतो."

वरची माणसं कशी लिहून घेतात हे चौकीत सर्वांना माहीत होतं. त्यांच्याकडे रजिस्टर नसतं. उजव्या कानाला संध्याकाळपर्यंत मुदत होती.

इन्स्पेक्टरबाई टेबलाशी येऊन बसल्या. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास समीक्षक आला. त्याला बोलावलं होतं, पण तो बोलावल्यासारखा आला नाही, रागावल्यासारखा आला, आणि आजचं दैनिक टेबलावर आपटून उभा राहिला.

"मी बोळात होतो, कबूल! त्या माणसाने दोन वर्षांपूर्वी मला जिन्यावरून ढकललं होतं. पुढचे दोन दात खोटे आहेत माझे. त्याची माफी मागायला गेलो होतो."

"त्याची माफी तुम्ही मागणार होतात?"

"नाहीतर पास देत नाही तो. पण धीर झाला नाही, परत येऊन बसलो."

"लोक म्हणतात तुम्ही मैफलीला बसतच नाही. परीक्षण आदल्या दिवशी लिहून ठेवता."

"लोक म्हणजे कोण?"

"तुमचे संपादक."

समीक्षकाचा चेहरा पडला. मग एकदम उजळला. त्याने दैनिकातल्या मजकुरावर बोट ठेवलं. "हे वाचा. हे आदल्या दिवशी कसं लिहिणार?"

इन्स्पेक्टरबाईंनी वाचलं. 'पूर्वार्धाच्या अखेरीस वादळी रचनेचे शेवटचे तीन खर्जातले घाव बाईंनी मूळ जागी न देता एक सप्तक वर दिले. मृत्यूच्या दारात जाऊन मागे फिरणाऱ्या आत्म्याचा हा हुंकार केवळ अपूर्व. या संयमाला आम्ही नमन करतो.'

"म्हणजे काय?"

"म्हणजे, छापील स्वरलिपीत ते तीन घाव अगदी खाली आहेत. घणासारखे. सगळे तिथंच देतात. बाईंनी वर दिले. हे आधी कुठून कळणार मला? मी तिथं होतो!"

"नक्की पूर्वार्धात?"

"अहो, पूर्वार्धाची शेवटची रचना! त्याच्यावरच तर मध्यंतर झालं."

इन्स्पेक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं. साडेदहा. त्या इतक्या वेगाने उठल्या की समीक्षकाने सवयीने तोंडावर हात धरला.

५

नणंद घरी होती. इन्स्पेक्टरबाईंनी छापील स्वरलिपी मागून घेतली आणि तिच्यापुढे उघडली.

"शेवटचे तीन. हे कुठले?"

"खालून सहावी पट्टी." आवाज अगदी बारीक झाला.

"पूर्वार्धात हा सूर आणखी कुठं येतो?"

"कुठंच नाही. फक्त इथं."

"आणि वहिनींनी काल तो वर वाजवला. तुम्ही शेजारी बसला होता. पान उलटणाऱ्याची नजर वाजवणाऱ्याच्या दोन ओळी पुढे असते ना? तुम्हाला दिसलं असणार, हात खाली जाता जाता वर वळला. की आधी खाली मारून बघितलं, वाजलं नाही, म्हणून वर गेला?"

नणंदेने स्वरलिपी मिटली.

"ताई, तिकडे एका माणसाचा एक कान गेलाय. दुसरा संध्याकाळी जाणार आहे. कानावर पोट असलेला माणूस आहे."

नणंदेने वाकडी बोटं डाव्या मुठीत धरली, जणू तीच बोलतील अशी भीती.

"खाली गेलाच नाही," ती शेवटी म्हणाली. "सरळ वर गेला. आधीपासून ठरवल्यासारखा."

मग इन्स्पेक्टरबाईंनी ते तिला मांडून दाखवलं, थोडं तिच्यासाठी आणि बरंचसं स्वतःसाठी. तार मध्यंतरात काढली असं सगळे धरून चालले होते, कारण मध्यंतरात ट्यूनर पियानोपाशी होता. पण मध्यंतराआधीच ती पट्टी मुकी होती. कुणी गुपचूप तार काढली असती तर बाईंचा हात सवयीने खाली गेला असता, ठक्क झालं असतं, आणि मग तो वर आला असता. हात खाली गेलाच नाही. म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं.

"सरावात कळलं असेल," नणंद घाईने म्हणाली. "तेव्हाच गेलेली दिसली असेल."

इन्स्पेक्टरबाईंनी खिशातला कागद काढून उलगडला. "या त्यानंतरच्या तक्रारी. वाचा. तिसऱ्या रांगेतली खुर्ची कण्हते. फुलांना वास येतो. तीन सूर केसभर उतरलेत. केसभर! वीस वर्षं मी तक्रारी लिहून घेतेय. घरात चोरी झाल्यावर मोलकरणीने कप फोडला म्हणून सांगणारा माणूस मी लगेच ओळखते. त्याला चोर माहीत असतो. एक सबंध पट्टी मेलीय आणि तुमच्या वहिनींना फुलांचा वास खुपतो?"

नणंदेने कागद वाचला नाही.

"आणि तो अर्धा तास उजवा हात," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "तारा ताणायच्या खुंट्या वाजवणाऱ्याच्या अगदी समोर असतात, मी काल बघितल्या. खालच्या सुरांच्या डावीकडे. उजवा हात वाजत राहिला की तुमचे दादा खोलीतून उठणार नव्हते. व्यवस्थापक म्हणतो, ट्यूनर तेव्हा खाली चहा प्यायला गेला होता आणि त्याची पिशवी तिथंच होती. डावा हात काय करत होता, ताई?"

"मला विचारू नका," नणंद म्हणाली. "माझा हात असता तर मीही तेच केलं असतं."

६

पियानोवादक बाई आतल्या खोलीत वाजवत होत्या. इन्स्पेक्टरबाई आत आल्या तरी थांबल्या नाहीत. संगीतातलं न कळणाऱ्या इन्स्पेक्टरबाईंनाही एवढं कळलं की ही बाई कुणासाठी वाजवत नाहीये. मग संपलं.

"काल दुपारपासून वाजवतेय," बाई म्हणाल्या. "मध्ये कुणी चुका वाचून दाखवल्या नाहीत."

इन्स्पेक्टरबाईंनी कागद, दैनिक आणि स्वरलिपी पियानोवर ठेवली आणि सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं.

"हे तुम्ही न्यायालयात सांगणार? समीक्षकाचं परीक्षण आणि खुर्चीची तक्रार? माझे वकील हसतील. कलाकाराला वाटलं, सप्तक बदललं. तळहात बघितलेत ना माझे?"

"हातमोजे होते."

"शोधा."

"शोधीन. पण त्याला दोन दिवस लागतील, आणि ट्यूनरकडे संध्याकाळपर्यंतच वेळ आहे. काल त्याला आमच्या माणसाने मारलं. कानातून रक्त आलं."

बाईंची बोटं पट्ट्यांवर होती. ती उचलली गेली.

"कोणत्या?"

"डाव्या. पडदा फाटलाय म्हणतात डॉक्टर."

बाईंनी झाकण अगदी हळू, दोन्ही हातांनी, आवाज न होऊ देता बंद केलं.

"त्याला काही होणार नाही असं बघितलं होतं मी," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मध्यंतरात त्याला रंगमंचावर बसवलं. पाचशे माणसांसमोर."

"पाचशे माणसं मध्यंतरात कॉफीच्या रांगेत होती, बाई."

"मी कधी मध्यंतरात सभागृहात गेलेच नाही. मला काय माहीत, लोक उठून जातात?" एकोणीस वर्षं मैफली करणारी बाई हे अगदी खरेपणाने म्हणाली. "आवाजही हवा होता. तो एकेक सूर ठोकत बसतो ना. यांच्या टाचा आपटत होत्या, त्यात मिसळून गेल्या."

"तारच का?"

"मग काय? घरातल्या सुऱ्या मोजून कपाटात. माझी पर्स रोज तपासायचे. कात्री लागली तर मागून घ्यायची, त्यांच्यासमोर वापरायची. पियानोच्या आत मात्र कधी डोकावले नाहीत. त्यांना तो फक्त ऐकायचा असायचा." त्यांनी गळ्याशी बंद असलेला काळा झगा काल कसा घातला होता ते आठवल्यासारखा कमरेवरून हात फिरवला. "तार कमरेला गुंडाळून वाजवलं पूर्वार्धभर. श्वास घेता येत नव्हता."

"आणि कालच का?"

"शनिवारी मी सांगितलं होतं, ही मैफल झाली की मी जाणार. शिकवीन कुठंतरी. ते ओरडले नाहीत. माझे दोन्ही हात या पट्ट्यांवर ठेवले आणि झाकण खाली आणलं, बोटांना टेकेपर्यंत. म्हणाले, माझ्या बहिणीचं काय झालं आठवतंय ना? मैफल होऊ दे, मग घरी गेल्यावर बघू. म्हणजे मला घरी यायच्या आत करायला हवं होतं." त्यांनी बंद झाकणावरून बोटं फिरवली. "ते आरशासमोर बसून चुका वाचत होते. मी मागून तार टाकली, खुर्चीच्या पाठीला गुडघा लावला आणि ओढली. आरशात ते मला बघत होते. सातव्या चुकीपर्यंत आले होते. मोठमोठ्या रचना वाजवणाऱ्यांच्या दंडात किती ताकद असते हे त्यांना माहीत असायला हवं होतं, तेच मोजायचे माझे दंड."

"दुसरा भाग कसा वाजवलात?"

"चांगला," बाई म्हणाल्या.

हातमोजे त्यांच्या पर्समध्येच होते. तळव्यावर तांब्याच्या आट्यांचे काळपट पट्टे, शिवणीत वाळलेलं रक्त. पर्स कुणी तपासली नव्हती, कारण ती तपासणारा माणूस मेला होता.

"तुम्ही येऊन सांगणार होतात का?" बाहेर पडताना इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"आणखी एक दिवस वाजवलं असतं," त्या म्हणाल्या. "मग माहीत नाही."

दारात नणंद उभी होती. वहिनींचा उजवा हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि जीप सुरू होईपर्यंत सोडला नाही. पोलिसांनाही सोडवायला जमलं नाही. वाकड्या बोटांची पकड फार घट्ट असते.

७

वरची माणसं चार वाजता आली तेव्हा कोठडी उघडी होती. इन्स्पेक्टरबाईंनी त्यांना कबुलीजबाबाचा कागद दाखवला. ती माणसं जरा हिरमुसून परत गेली.

डॉक्टरने ट्यूनरच्या डाव्या कानात कापूस घालून पट्टी बांधली होती. पडदा फाटलाय, आतलं हाडही दुखावलंय, आवाज परत येईल असं मी म्हणणार नाही, असं तो इन्स्पेक्टरबाईंना बाजूला घेऊन म्हणाला. एका कानाने पियानो लागतो का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाला, तो मला कशाला विचारता.

त्यांनी ट्यूनरला विचारलं. त्याच्या उजव्या बाजूला जाऊन, मोठ्याने.

"एक सूर लागतो," तो म्हणाला. "दोन सुरांमध्ये जे असतं, ते दोन कानांनी ऐकावं लागतं. मी तरी तसंच ऐकत आलो." त्याने सही केली. पिशवी, सिगरेटचं पाकीट ताब्यात घेतलं. "त्या बाईंनी सांगितलं ना खरं?"

"सांगितलं."

"कधी?"

"तुमच्या कानाचं कळल्यावर."

ट्यूनरने मान हलवली. ते बरं वाटलं म्हणून की वाईट, हे इन्स्पेक्टरबाईंना कळलं नाही. त्यांनी टेबलावरचं रजिस्टर पुढे ओढलं, पत्र्याचा कोपरा रुमालाने पुसला, आणि पेन उघडून म्हणाल्या, "तक्रार लिहून देता? माझ्या माणसाविरुद्ध. मी घेते लिहून. माझ्याविरुद्धही द्या, मी त्याला एकट्याला तुमच्याबरोबर पाठवलं होतं."

ट्यूनरने त्या रजिस्टरकडे पाहिलं. बंद न झालेल्या एका डोळ्याने.

"याच्यात नको," तो म्हणाला.

इन्स्पेक्टरबाईंनी कोरा कागद घेतला. तो सांगत गेला, त्या लिहीत गेल्या. पूर्ण एक पान झालं. त्याने वाचून सही केली, पिशवी खांद्याला लावली आणि भिंतीला हात लावत दाराकडे निघाला. त्याचा तोल जरा एका बाजूला जात होता.

जमादार दारापाशीच उभा होता. तो सकाळपासून तिथंच घुटमळत होता. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाची माफी मागितलेली कुणी ऐकली नव्हती. ट्यूनर जवळ आला तशी त्याने टोपी काढली, घसा साफ केला, दोनदा शब्द गिळले, आणि अगदी मनापासून, हळू आवाजात म्हणाला, "चुकलं माझं. माफ करा."

तो ट्यूनरच्या डाव्या बाजूला उभा होता. ट्यूनर पायऱ्या मोजत खाली उतरून गेला.